हेटमन श्वान नदीकाठी मोकळा जाला, ते वर्तमान

विनिपेग शहरी राहणार ओल्हाबाई, एडमंटनच्या हलीनाबाई बुर्चाक यांची धाकटी बहीण, यांणी पुसिले की, आमचे बहिणीचा कुत्रा हेटमन, जो पाच वर्षे तिचे पायांवरून उठला नाही, तो नदीकाठी मोकळा जाला ऐसे टेलिफोनवर ऐकतो. परंतु बहीण एक सांगते, मेहुणा दुसरेच सांगतो, आणि दोघे एकदम बोलू लागले म्हणजे कुत्राच तेवढा ऐकू येतो. तरी खरे वर्तमान काय ते तपशीलवार लिहून पाठवणे. त्यावरून लेखक, जो बुर्चाकांचे घरापासून तिसरे घरी सत्तावीस वर्षे राहतो आणि दर हिवाळ्यात बर्फ उपसावयास हलीनाबाईंचे यजमान वॉल्टरराव यांचेच फावडे मागून आणतो, त्याणे वॉल्टररावांचे तोंडून कुंपणापाशी, हलीनाबाईंचे तोंडून त्यांचे स्वयंपाकघरात, आणि एल्सीबाई, ज्यांची गाठ पुढे पडेल, त्यांचे तोंडून खुद्द नदीकाठी ऐकून ही हकीकत लिहिली. वाचणारांनी चित्त देऊन वाचावी आणि न्यून असेल ते लेखकाचे पदरी घालावे; कुत्र्याकडे बोल लावू नये.

प्रथम हेटमनाची पीठिका. हेटमन म्हणजे कोसाकांचे फौजेचा सरलष्कर. बुर्चाकांचे वाडवडील ज्या युक्रेन मुलुखातून गव्हाचे शेतीस इकडे आले, त्या मुलुखी हे नाव ऐकता शत्रूचे घोडे बिचकत, ऐसे वॉल्टरराव सांगतात. कुत्र्याचे वजन बासष्ट किलो, रंग तांबडा आणि पांढरा, मस्तक पिंपाएवढे, बाप सेंट बर्नार्ड, आई कोण ते दफ्तरी नाही. ऐसा मातब्बर जीव. परंतु टोस्टरमधून पाव उडाला तरी दहशत खाऊन टेबलाखाली शिरे, आणि टेबल लहान असल्याकारणे ते पाठीवर घेऊनच घरभर हिंडे.

याचे कारणही लिहितो. पूर्वीचे भाडेकरू घर सोडून परगावी गेले, ते या कुत्र्यास आतच ठेवून गेले. नववे दिवशी घरमालक किल्ली घेऊन आला, तो हा दाराशी बसून होता, आणि पाण्याचे भांडे कोरडे होते. तेथून त्याची रवानगी बेवारशी जनावरांचे आश्रयघरात जाली आणि तेथून हलीनाबाईंचे पदरी. ते दिवसापासून हेटमनाने आपला एक कायदा केला की, बाई जेथे बसतील तेथे त्यांचे दोन्ही पायांवर आपले बूड टेकावे, म्हणजे त्या उठून जाऊ लागल्या तर आपणास कळल्यावाचून राहणार नाही. बाई घरी असता या कायद्यात पाच वर्षे एक दिवसही खंड पडला नाही. बाईंस भाजी चिरणे असो, फोन करणे असो, की गिरजाघराचे मुदपाकखान्यात शुक्रवारचे पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, लाटणे असो, बासष्ट किलो पायांवर असत, आणि बाई म्हणत की हिवाळ्यात बरे पडते.

आता गुडघ्याचे वर्तमान. हलीनाबाईंनी बत्तीस वर्षे शाळेचे स्वयंपाकघरात उभ्याने चाकरी केली, त्यात डावा गुडघा झिजून हाडास हाड लागले. तो बदलावा ऐसा वैद्यांचा निकाल जाला आणि दीड वर्ष वाट पाहिल्यावर मे महिन्याची तारीख मिळाली. परंतु त्याआधी फेब्रुवारीत बाई दोन रात्री ओल्हाबाईंकडे विनिपेगास गेल्या होत्या, तो इकडे हेटमनाने अन्नपाणी वर्ज्य करून दारापाशी ठाण मांडले. वॉल्टररावांनी कोबीचे पानात भात गुंडाळलेले होलुब्त्सी, उकडलेली कोंबडी, अखेर आपले ताटातील वाटा दिला, परंतु त्याणे नाक लावले नाही, आणि तिसरे दिवशी जनावरांचे डॉक्टरांकडे नेऊन सलाइन लावावे लागले. तेव्हा मे महिन्याची तारीख आली ती बाईंनी घरी पाहुणे येणार आहेत म्हणोन परत केली. पाहुणे कोणी नव्हते. मग इस्पितळातून दुसरी तारीख आली, ऑक्टोबरची नववी, मुक्काम चार दिवस, आणि कारकूनबाईंनी अदबीने परंतु साफ कळविले की, हीही परत जाली तर नाव यादीचे तळी जाईल, आणि यादी फार लांब आहे.

हे कळल्यावर वॉल्टरराव बहुत बेचैन जाले. वॉल्टरराव म्हणजे तीस वर्षे शहराची बस हाकणारे, वेळेचे पक्के, बोलण्यास थोडे. त्यांणी सप्टेंबरचे अखेरीस स्वयंपाकघरात खलबत भरविले. हजर तिघे; पैकी तिसरा पायांवर.

"तारीख परत करायची नाही, हाल्या," वॉल्टरराव म्हणाले. हलीनाबाईंस ते लाडाने हाल्या म्हणत.

"मी कुठे म्हटलं परत करते म्हणून?"

"तू बशीत बघून बोलायला लागलीस की मला कळतं."

"आणि चार दिवस हा उपाशी राहिला तर?"

"मी आहे ना घरात."

"तू आहेस रे. पण तुला तो कपाट समजतो."

गोष्ट खरी होती. कुत्रा त्यांस वळसा घालून जाई, क्वचित अंगही घाशी, परंतु त्यांजपाशी काही मागावे ऐसे त्याचे मनात आले नव्हते. तरी त्यांणी हिंमत धरून मसलत सांगितली, ती ऐसी: नदीकाठी शहराचे हद्दीत मोठे रान आहे, जेथे कुत्र्यांस दोरी सोडून हिंडण्याची सनद आहे. तेथे हेटमनास न्यावे, दोरी काढावी, आणि बाईंपासून दूर जाण्याची त्यास सवय लावावी. आज पन्नास पावले गेला तर उद्या शंभर जाईल, आणि नववीपर्यंत चार दिवसांची ताकद येईल. हलीनाबाई म्हणाल्या की रान मोठे आहे, तो हरवेल. वॉल्टरराव म्हणाले की पायावरून उतरेल तर हरवेल. मग बाईंनी एका अटीवर रुकार दिला की, कुत्रा घाबरला तर त्याच क्षणी माघारे फिरावे आणि पुन्हा हा विषय काढू नये. ती अट वॉल्टररावांनी मान्य केली.

सप्टेंबरची अठ्ठावीस, रोज मंदवार, म्हणजे शनिवार, सकाळी नऊ वाजता खासा स्वारीने जुन्या व्हॅनमधून कूच केले. सरंजाम येणेप्रमाणे: घडीची खुर्ची, चहाचा थर्मास, खसखशीची वळी, दोन चेंडू, लांब दोरी, टॉवेल, विष्ठा उचलण्याच्या पिशव्यांची गुंडाळी, आणि लसणाची कुबासा, म्हणजे धुरावलेले सॉसेज, हातभर. हेटमन मागील बाकावर न बसता पुढे बाईंचे पायांशी मावेल तितका मावला, उरलेला गिअरवर राहिला, आणि वॉल्टररावांनी सगळी मजल दुसऱ्या गिअरमध्ये मारिली.

रानाचे तोंडाशी दाखल जाले, तो तेथे काय नजरेस पडले ते लिहितो. गवतावर दव गोठलेले, पॉप्लरची झाडे पिवळी जर्द, खाली नदी हिरवट पाण्याची, आणि तिचे काठी गोट्यांचे लांब पट्टे. आणि त्या सगळ्या मुलुखात जिकडे पाहावे तिकडे कुत्र्यांची दौड. काळे, भुरे, ठिपक्याठिपक्यांचे, एक स्वेटर घातलेला, दोन एकच काठी तोंडात धरून चाललेले. आणि त्यांचे मागे मालक लोक, हाती रिकामी दोरी, आणि त्या सर्वांचे मुखी एकच पुकारा की, ये, ये, इकडे ये, ये म्हणतो ना. हलीनाबाईंनी हे ऐकले आणि त्यांचे चित्ती आले की, एवढे सगळे लोक जे मागून दमले ते माझ्यापाशी न मागता आहे. वॉल्टररावांनी खाली वाकून दोरी सोडिली आणि फर्मान काढले की, जा.

हेटमन बाईंचे पायांवर बसला.

मग पहिला हल्ला चेंडूचा. वॉल्टररावांनी चेंडू जोराने फेकला, तो हेटमनाने तो कोठे पडतो ते लक्षपूर्वक पाहिले आणि मग वॉल्टररावांकडे पाहिले. वॉल्टरराव जाऊन चेंडू घेऊन आले. दुसऱ्यांदा फेकला, दुसऱ्यांदा जाऊन आणला. ऐसे चार वेळा जाले. पाचवे वेळी स्वेटरवाला कुत्रा आडवा येऊन चेंडू घेऊन पसार जाला, आणि दुसरा चेंडू बाईंनी पर्समधून काढलाच नाही. म्हणाल्या, तुझी कंबर आधीच दुखते आहे.

दुसरा हल्ला वॉल्टररावांनी स्वतः केला. ऐसा बेत की, आपण धावू लागलो म्हणजे कुत्र्याचे रक्तात जे आहे ते जागे होईल आणि तो मागे लागेल. वय अडुसष्ट, बूट जड. तरी ते हात हलवीत, तोंडाने आवाज काढीत, उतारावरून पन्नास पावले धावले. त्यांचे मागे तीन परके कुत्रे आणि एक शाळामास्तर धावले, पैकी मास्तरांस वाटले की काही संकट आहे. हेटमन जागचा हलला नाही. बाई म्हणाल्या की तो तुझ्याकडे काळजीने बघत होता.

तिसरी मसलत लपण्याची. बाई झाडामागे गेल्या, कुत्रा झाडामागे गेला. तेव्हा वॉल्टररावांनी उताराखालचे निळे प्लास्टिकचे फिरते शौचालय दाखविले आणि ठराव जाला की, बाईंनी त्यात शिरून आतून कडी लावावी, दहा मिनिटे आवाज करू नये, आणि तेवढ्यात आपण कुत्र्यास कुबासा दाखवून नदीपर्यंत नेऊ. बाई आत गेल्या, कडी लागली. हेटमनाने दाराची वरपासून खालपर्यंत हुंगून तपासणी केली आणि दाराकडे पाठ करून, सगळा भार त्याजवर टाकून, बसला. निळा बुरूज एकदा डुलला आणि मग कलून स्थिर जाला.

दहा मिनिटांनी आतून आवाज आला. "वॉल्टर, दार उघड."

"कसं उघडू? दाराला बासष्ट किलो टेकलेत."

"कुबासा दाखव ना त्याला."

"कुबासा तुझ्या खिशात आहे."

ऐसे संकट जाले. दार बाहेर उघडणारे, कुत्रा बाहेर टेकलेला. वॉल्टररावांनी कुत्र्यास ढकलले, आर्जव केले, बसचे उतारूंस दरडावीत तैसे दरडावले. परंतु तो हटेना. त्यात एक लांब दाढीचे गृहस्थ तातडीच्या कामी येऊन उभे राहिले आणि प्रथम सभ्यपणे वाट पाहू लागले.

"आत आमची ही आहे," वॉल्टररावांनी त्यांस सांगितले. "कुत्रा उठला की निघेल."

"कधी उठतो साधारण?"

"पाच वर्षं तरी उठलेला नाही."

गृहस्थ थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मला थांबण्यासारखं असतं तर थांबलो असतो हो." आणि झुडपांकडे निघून गेले.

ते समयी उतारावरून एक ठेंगणी, म्हातारी, डुकरीएवढी कुत्री आली, एक कान उभा, एक पडलेला, नाव बॅनक, आणि ती हेटमनाचे समोर उभी राहून एकदाच भुंकली. हेटमन उठला आणि शौचालयाचे मागील बाजूस जाऊन लपला; अर्धा लपला, अर्धा दिसत राहिला. दार उघडले आणि हलीनाबाई लाल तोंडाने बाहेर आल्या. त्यांणी नवऱ्याकडे पाहिले नाही. हेटमन मागून धावत आला आणि त्यांचे पायांशी कापत उभा राहिला.

"पुरे झालं," बाई म्हणाल्या. "घाबरला तो. ठरलं होतं आपलं. सोमवारी मी फोन करते."

"कशाचा फोन?"

"तुला माहितीये कशाचा."

वॉल्टररावांनी रिकामी दोरी हाताभोवती गुंडाळली. मग बोलले ते लेखकाने त्यांचे तोंडून नव्हे, बाईंचे तोंडून ऐकले, कारण ते स्वतः ही जागा गाळून सांगतात.

"तू जिना चढताना मोजतेस," ते म्हणाले. "हळू मोजतेस, मला ऐकू जाऊ नये म्हणून. आपल्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत, आणि तू सातवीवर थांबतेस. मी खाली रेडिओ बंद करून ऐकत असतो. आठवी ऐकू आली की मग मी रेडिओ लावतो."

"मला काय माहीत, तुला बातम्यांचा कंटाळा आला असेल."

"हाल्या, दीड वर्ष आणखी मी ते ऐकणार नाही. तुला जायचं नसेल तर तू खाली सोफ्यावर झोप. पण कुत्र्याचं नाव सांगू नकोस."

"मग कुणाचं सांगू? तो उपाशी राहिला होता, वॉल्टर. मी बघितलं ना त्याला परत आल्यावर."

आता माघारे फिरण्याचा हुकूम होणार, इतक्यात बॅनकची मालकीण येऊन पोहोचली. ही एल्सीबाई कार्डिनल, क्री या इकडील मूळ रहिवासी लोकांपैकी, वय शहात्तर, डोईस लोकरी टोपी, हाती स्वतःचा चहा. अकरा वर्षे दर दिवशी या रानात येणारी, आणि रानातील यच्चयावत कुत्रे नावाने जाणणारी. माणसांची नावे मात्र तिजला लागत नसत. तिणे शौचालयाचा प्रसंग वरून सगळा पाहिला होता आणि ते लपविण्याची तसदी घेतली नाही.

"बराच वेळ बसल्या होतात आत," ती हलीनाबाईंस म्हणाली. "वारा तरी लागत नाही तिथे."

मग वॉल्टररावांनी तिजला सगळे कथन केले. गुडघा, तारीख, चार दिवस, दार. हे ऐकून एल्सीबाई म्हणाली, "तुमचे यजमान सकाळपासून त्याला जा म्हणतायत, ते खालपर्यंत ऐकू येतंय. तुमचा हात काय म्हणतोय?"

सर्वांनी पाहिले. हलीनाबाईंचा डावा हात हेटमनाचे कानामागील केसांत मनगटापर्यंत बुडालेला होता. चेंडू फेकला तेव्हाही तेथेच होता आणि झाडामागेही तेथेच होता. वॉल्टररावांच्या ध्यानी आले नव्हते आणि बाईंच्याही आले नव्हते.

"ही सवय आहे," बाई म्हणाल्या.

"असेल. आणि खिशात?"

बाईंनी कुबासा काढून दिली. ती अर्धीच उरली होती. वॉल्टरराव तिजकडे पाहत राहिले, कारण कूच केले तेव्हा हातभर होती, आणि सकाळपासून दर हल्ल्याचे वेळी हेटमन न हलण्याचे बक्षीस घेत होता हे त्यांस त्या क्षणी उमगले. ते काही बोलणार, परंतु एल्सीबाईंनी त्यांस डोळ्यांनी मना केले.

मग तिणे जो तह ठरविला तो ऐसा. कुबासा नवऱ्याचे हवाली करावी. नदीकाठी वाहून आलेला लाकडाचा ओंडका पडला आहे, त्यावर जाऊन बसावे, दोन्ही हात आपले मांडीवर ठेवावे, नदीकडे पाहावे. कुत्र्याकडे पाहू नये, त्यास हाक मारू नये, जा म्हणू नये, राहा म्हणू नये. काय करणे ते त्यास ठरवू द्यावे. हलीनाबाईंनी पुसिले की किती वेळ.

"मला काही घाई नाही," एल्सीबाई म्हणाली. "माझा चहा आहे."

ओंडक्यावर तिघे बसले. हेटमनाने प्रथमतः आपला कायदा बजावला आणि बाईंचे पायांवर बैठक मारिली. बाईंनी हात मांडीवर ठेविले, परंतु त्यांस ते जड जाऊ लागले म्हणोन बोटे बोटांत गुंतविली. नदी वाहत होती. वरून हंसांची रांग दक्षिणेस चालली. बॅनक पाण्यात पोटापर्यंत जाऊन काही तरी उकरत होती, आणि मिळाले नाही की काठावर येऊन पुन्हा जाई. अर्धा तास जाला. वॉल्टररावांनी खसखशीची वळी कापून तिघांस वाटली.

मग हलीनाबाईंनी आपण होऊन एल्सीबाईंस नऊ दिवसांची गोष्ट सांगितली. रिकामे घर, कोरडे भांडे, दाराशी बसलेला कुत्रा. सांगताना नदीकडेच पाहिले. एल्सीबाईंनी चहाचा घोट घेतला.

"म्हणजे त्यानं नऊ काढलेत," ती म्हणाली. "तुम्हाला चार काढता येतील का, ते बघा."

हलीनाबाईंनी गुंतविलेली बोटे सोडवली आणि हात सरळ ठेविले.

त्यानंतर काही वेळाने, घड्याळाप्रमाणे अकरा वाजून वीस मिनिटांनी, हेटमन उठला. बाईंस पायांवरचा भार गेल्याचे कळले. त्यांणी मान वळविली नाही. हेटमन तीन पावले गेला आणि मागे पाहिले. कोणी बोलले नाही. मग आणखी चार पावले, गोट्यांवरून, एकेक पाऊल विचारून, जैसे कोणी परक्या घरात जाते. पाण्याचे काठी उभा राहून त्याणे एक पंजा आत घातला आणि काढला. बॅनक वर आली, अंग झटकले, त्याजकडे पाहिले आणि पळू लागली. फार वेगाने नव्हे, वय जाले होते. आणि हेटमन तिचे मागे लागला.

पुढे काय वर्णावे. बासष्ट किलो, पाच वर्षे एका जागी बसलेले, ते मोकळे सुटले. सुरुवातीस चारही पाय निरनिराळ्या मुलुखी जात होते. मग त्यांचा मेळ बसला आणि कान मागे गेले आणि तोंड उघडे पडले. बॅनक मागे राहिली, त्यास कळलेच नाही. त्याणे गोट्यांचा पट्टा संपेपर्यंत दौड मारिली, पाण्यात शिरला, पाणी उडवीत बाहेर आला, स्वेटरवाला आडवा आला त्यास बरोबर घेतले, आणखी दोघे येऊन मिळाले, आणि ही सगळी फौज नदीचे वळणावर जाऊन झाडांआड दिसेनाशी जाली. भुंकण्याचा आवाज आला. तो हेटमनाचा होता, परंतु तो आवाज या दोघांनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता, म्हणोन त्यांस ओळखता आला नाही; तो त्याचाच हे एल्सीबाईंनी सांगितले.

वॉल्टररावांस परम संतोष जाला आणि ते उभे राहिले. "चल, आता हाक मार. येतो का बघू."

"थांब जरा," हलीनाबाई म्हणाल्या.

"वळणापलीकडे गेलाय तो."

"दिसतंय मला."

"हाल्या, रडतेस का?"

"गुडघा दुखतोय."

वॉल्टरराव परत खाली बसले. त्यांणी काही वेळ नदीकडे पाहिले आणि मग टॉवेल, जो कुत्र्यासाठी आणला होता, तो बायकोपुढे केला.

हेटमन पंचवीस मिनिटांनी स्वतः होऊन आला. अंगभर चिखल, आणि कोठे तरी मेलेल्या माशावर लोळून आल्याकारणे त्याची वर्दी त्याचे आधी पोहोचली. त्याणे तिघांचे मधोमध उभे राहून अंग झटकले, एल्सीबाईंचा उरलेला चहा बाद जाला, आणि मग तो बॅनकचे शेजारी उन्हात आडवा पडून घोरू लागला. हलीनाबाईंनी पाय पसरले, बोटे हलवून पाहिली, आणि म्हणाल्या की इथे ओंडक्याखाली बराच गारठा आहे. वॉल्टररावांनी आपला कोट काढून त्यांचे पायांवर टाकला.

पुढे अकरा दिवसांत नऊ वेळा स्वारी नदीवर गेली. आणि ऑक्टोबरची नववी, बुधवारी, हलीनाबाईंनी इस्पितळात जाऊन गुडघा बदलून घेतला. हेटमनास त्यांणी दाराशी निरोप दिला तो थोडक्यात दिला, कारण लांबवला असता तर तारीख परत जाती. संध्याकाळी त्या जाग्या जाल्या, पायास पट्ट्या, हातास नळी, आणि परिचारिकेने पाण्याचा घोट दिला तो घेऊन त्यांणी प्रथम फोन मागितला.

"खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं," वॉल्टरराव म्हणाले. ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होते, पाठ कपाटाला टेकलेली, आणि पाय लांब केलेले.

"किती?"

"सगळं. भांडं चाटत चाटत पार फ्रिजपर्यंत नेलं."

बाईंनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला.

"दाराशी बसला नाही?"

"बसला होता की."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"पाचच?"

वॉल्टररावांनी आपले पायांकडे पाहिले, ज्यांस मुंग्या आल्या होत्या आणि जे हलविण्याची सोय नव्हती. "सात असतील," ते म्हणाले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली. आपले बाजूस नुकसान एक चेंडू, हातभर कुबासा आणि एल्सीबाईंचा चहा. बाकी सर्व सुखरूप, गुडघा वाकतो, जिना एका दमात. ओल्हाबाईंनी पुसिले त्याचे उत्तर हे लिहून दिले आहे. दाराशी कुत्रा किती वेळ बसला याविषयी पुढे कोणी वाद घालू नये. दफ्तरी सात मिनिटे लिहिली आहेत.